पडलो ना इथे

मे महिन्यातली दुपार. पंखा गरम हवाच फिरवत होता आणि बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर भाचा आणि मी दोन लॅपटॉप उघडून शेजारी शेजारी बसलो होतो. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगाच्या खेळात, एका सर्व्हायव्हल सर्व्हरवर, म्हणजे अनेक जण मिळून तगून राहतात अशा सामायिक जगात, आम्ही दोघंही नव्यानं दाखल झालो होतो. सुरुवातीला एक दगडी चौथरा, त्यावर कंदील, चहूकडे नियमांच्या पाट्या. शेवटच्या पाटीवर लिहिलं होतं की चॅटमध्ये स्लॅश आरटीपी टाका आणि खेळ सुरू करा. आरटीपी म्हणजे रँडम टेलिपोर्ट, उचलून कुठेही नेऊन टाकणारी कमांड. दोघांनी एकदमच टाकलं. पाच सेकंद हलू नका, असा संदेश आला. आम्ही खुर्चीवरही हललो नाही. मग सगळं क्षणभर थिजलं आणि माझ्यासमोर पिवळट गवताचं माळरान उघडलं. शेजारून आवाज आला, "मावशी, मी चिखलात आहे." मी वाकून पाहिलं. खारफुटीचं दलदलीचं रान होतं. पाण्यातून वर आलेली मुळं, त्यांच्या आड हिरवट-तपकिरी पाणी, पायाखाली काळपट चिखल आणि कुठूनतरी येणारा बेडकाचा आवाज. घर बांधायला हातभर सपाट जमीन दिसेना. मी म्हटलं, "अरे, पाच मिनिटं थांब आणि परत टाक कमांड. दुसरीकडे जाशील." त्यानं पडद्यावरची नजर हलवली नाही. झाड तोडता तोडता म्हणाला, "नको. पडलो ना इथे."

तीन शब्द. पण ते त्या दिवसापासून कानात राहिले आहेत.

मी मात्र कमांड परत टाकली. दर पाच मिनिटांनी एकदा अशी एकूण सात वेळा टाकली. माळरानानंतर बर्फ आला, मग वाळवंट, मग दाट जंगल जिथे पुढचं दिसत नव्हतं, मग पुन्हा माळरान, मग साधं ओकचं रान. सातव्या खेपेला डोंगराच्या कुशीत चेरीची झाडं मिळाली. गुलाबी पाकळ्या संथपणे खाली येत होत्या आणि खालच्या गवतावरही त्यांचा सडा होता. मी खूश झाले. तोवर भाच्यानं लाकडी कुऱ्हाड करून, मुळांच्या जाळ्यावर फळ्या टाकून, पाण्याच्या वर एक हलतं-डुलतं वाटावं असं मचाण उभं केलं होतं. संध्याकाळी त्याच्याकडे चार भिंती होत्या आणि माझ्याकडे सुंदर देखावा होता.

हा रँडम टेलिपोर्टचा प्रकार ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे की वरून तो फार साधा दिसतो. कमांड टाकली की प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, दोन आकडे काढतं, एक पूर्व-पश्चिमेचा आणि एक उत्तर-दक्षिणेचा, आणि तुम्हाला तिथे नेऊन ठेवतं. पण ते करण्यापूर्वी ते किती गोष्टी तपासतं हे मला नंतर कळलं आणि मला त्याबद्दल माया वाटायला लागली. त्या जागी सर्वांत वरचा ब्लॉक, म्हणजे ठोकळा, कोणता? पाणी असेल तर नको, लाव्हा असेल तर नको, झाडाचा शेंडा असेल तर बहुतेक जण तेही नको म्हणतात. जागा नापास झाली की पुन्हा दोन आकडे. पुन्हा तपासणी. काही प्रयत्नांत जमलं नाही तर क्षमस्व. शिवाय जिथे याआधी कुणी पाऊल टाकलेलं नसतं ती जमीन त्या क्षणापर्यंत अस्तित्वातच नसते. तुम्ही येणार म्हणून ती घडवली जाते आणि त्या वेळी सगळा सर्व्हर जरा धाप टाकतो. म्हणून अनेक सर्व्हरवाले मुलूख आधीच घडवून ठेवतात. वर्तुळात माणसं पसरायची असतील तर आणखी एक बारकावा आहे. मध्यापासूनचं अंतर नुसती चिठ्ठी उचलल्यासारखं काढलं तर लोक मध्याजवळ दाटीवाटीनं पडतात, कारण बाहेरच्या कडेला जागा जास्त आणि आतल्या बाजूला कमी असते. सगळीकडे सारखी पांगापांग व्हायची असेल तर त्या आकड्याचं वर्गमूळ घ्यावं लागतं. अनोळखी माणूस कुठेतरी नीट पडावा म्हणून कुणीतरी बसून हे वर्गमूळ लिहिलं आहे. नशीब म्हणून आपण ज्याला हात जोडतो त्याच्या मागे इतकी काळजी असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

ही काळजी का घ्यावी लागली तेही समजण्यासारखं आहे. काहीच न करता नवीन माणूस आत आला तर तो जगाच्या ठरलेल्या आरंभबिंदूजवळ उतरतो, मूळ सेटिंगप्रमाणे साधारण दहा ब्लॉकांच्या आत. पहिला येतो, झाडं तोडतो. दुसरा येतो, उरलेली तोडतो. पन्नासावा येतो तेव्हा तिथे खड्डे, अर्धवट भिंती आणि हवेत लटकणारे शेंडे असतात. खायला काही नाही, मारायला टपलेले जुने खेळाडू मात्र आहेत. टूबीटूटी नावाचा माइनक्राफ्टचाच एक सर्व्हर डिसेंबर २०१० पासून चालू आहे, त्याचं जग आजवर एकदाही पुसलेलं नाही, आणि तिथे नियमही नाहीत. त्याच्या आरंभबिंदूभोवतीचा मुलूख हजारो ब्लॉकांपर्यंत उद्ध्वस्त आहे. तिथे आरटीपी नाही. नवीन माणसानं मरायचं, पुन्हा तिथेच जन्मायचं आणि पुन्हा चालायचं. मी त्याचे व्हिडिओ पाहिले तेव्हा पोटात गोळा आला होता. रस्ट नावाच्या दुसऱ्या एका खेळात तुम्ही हातात एक दगड आणि मशाल घेऊन किनाऱ्यावर कुठेतरी जागे होता, डेझी या खेळातही बहुतेक वेळा समुद्रकाठीच. तिथे निदान समुद्र तरी ओळखीचा असतो, त्याच्याकडे पाठ केली की आत जायचं हे कळतं. आरटीपीत तेवढीही खूण नाही. आमच्या सर्व्हरवर मध्यापासून दहा हजार ब्लॉकांपर्यंत, चौकोनात, कुठेही. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर धरलं तर ४०० चौरस किलोमीटर होतात. आणि ही त्या पूर्ण जगाची एक चिमूटसुद्धा नाही. पूर्ण जगाची एक बाजूच सहा कोटी ब्लॉकांची असते.

मग घरी सगळे निजल्यावर मी त्या चेरीच्या झाडांखाली उभी राहायचे. खेळातला दिवस वीस मिनिटांचा, त्यातली दहा उजेडाची. सूर्य नेहमी नेमका पूर्वेला उगवतो, ढग नेहमी पश्चिमेकडे सरकतात. लोखंड आणि रेडस्टोन नावाचं खेळातलं लाल खनिज मिळाल्यावर मी होकायंत्र केलं. या खेळातलं होकायंत्र उत्तर दाखवत नाही हे ठाऊक होतं, पण हातात घेऊन पाहिल्यावर गलबलून आलं. त्याची सुई जगाच्या आरंभबिंदूकडे रोखलेली असते. म्हणजे त्या दगडी चौथऱ्याकडे, जिथे मी जेमतेम पाच मिनिटं होते. तिथे माझं काहीच नव्हतं. तरी सुई तिकडेच.

माझे वडील बँकेत होते. दर तीन वर्षांनी बदली व्हायची. कुठे, ते कुणीतरी दूरच्या कचेरीत ठरवायचं आणि एक कागद यायचा. त्या कागदावर आमच्या घरातल्या कुणीही कधी न पाहिलेल्या गावाचं नाव असायचं. मंगळवेढ्याला आम्ही असेच पडलो आणि तीन वर्षांनी तिथून देवरुखला. काळ्या रानातून एकदम तांबड्या जांभ्यात. मंगळवेढ्यात मे महिन्यात जमिनीला भेगा पडलेल्या असायच्या. मी आणि बहीण त्यात काड्या घालून खोली मोजायचो. देवरुखला पावसात कपडे चार चार दिवस वाळायचे नाहीत, दप्तराला बुरशी यायची, आणि शाळेतल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या कारण माझ्या तोंडात तोवर सोलापूरकडची बोली बसली होती. सामानाचा ट्रक निघाला की आईचा पाटा-वरवंटा सगळ्यात शेवटी चढायचा आणि नव्या घरी सगळ्यात आधी उतरायचा. उतरल्या उतरल्या ती घरातून फिरत नसे, घराभोवती फिरत असे. ऊन कुठून येतं, पाणी किती वाजता येतं, दळण कुठे, दूध कुणाचं. आता मला वाटतं, तीसुद्धा सर्वांत वरचा ब्लॉक कोणता तेच तपासत होती.

बदली रद्द करून घेता यायची. वडिलांच्या शाखेतले एकदोन जण ऑर्डर आल्यावर आठवडाभर कुठेतरी जाऊन यायचे आणि ऑर्डर फिरलेली असायची. ते जिल्ह्याच्या गावी राहायचे, त्यांची मुलं एकाच शाळेत दहावी झाली. आईनं वडिलांना एकदाच विचारलेलं मला आठवतं. आम्ही झोपलोय असं समजून, स्वयंपाकघरात, दिवा मालवल्यावर. "तुम्ही का नाही सांगत कुणाला?" वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुणाला सांगू? माझ्या ओळखीचं कोण आहे?" त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. त्यांना खरंच कुणी ओळखत नव्हतं. आई उठली, भांडं पालथं घातल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "आता पडलोय ना इथे. राहू."

तेच शब्द. भाच्याच्या तोंडून ते ऐकले तेव्हा माझ्या आत काहीतरी लख्ख हललं ते यामुळे. पण सूर अगदी वेगळा होता. आईच्या सुरात दार लावून घेतल्यासारखं काहीतरी होतं. भाच्याच्या सुरात दार उघडल्यासारखं होतं. मी यावर बरेच दिवस विचार केलाय. माझ्या बहिणीनं लहानपणी पाच शाळा बदलल्या आणि लग्नानंतर नाशिकला घर घेतलं तेव्हा म्हणाली होती, "आता इथून मला कुणी हलवायचं नाही." भाचा जन्मापासून त्या एका घरात, एका खोलीत, एका खिडकीशी वाढला आहे. त्याला कुणी कुठे टाकलेलंच नाही. म्हणून चिखल मिळाल्यावर तो हरखला का? आणि मी, जिला तीनतीन वर्षांनी उचलून ठेवलं गेलं, ती पहिली संधी मिळताच सात वेळा ऑर्डर फिरवून आले का? असंही असेल. मला त्या गुलाबी झाडांचा मोह झाला याची लाज वाटत नाही. चाळीस वर्षांनी का होईना, जागा मी निवडली. पण हेही खरं की तिथे मी चार दिवस गेलेच नाही आणि गेले नाही याची रुखरुखही वाटली नाही.

भाचा मात्र चिखलात रमला होता. तिथे मेंढ्या दिसेनात, म्हणजे लोकर नाही, म्हणजे बेड नाही. बेड नसताना मेलं की थेट त्या दगडी चौथऱ्यावर. तो दोनदा मेला आणि दोन्ही वेळा कोऑर्डिनेट्स, म्हणजे घराच्या जागेचे आकडे, वहीत लिहून ठेवलेले असल्यानं चौथऱ्यापासून पायी परत आला. आरटीपी टाकली नाही. दलदलीतले स्लाइम नावाचे लिबलिबीत राक्षस पौर्णिमेला जास्त येतात आणि अमावस्येला येतच नाहीत हे त्यानं स्वतःहून ताडलं, आणि रात्री बाहेर पडण्याआधी तो आकाशातला चंद्र बघायला लागला. मग त्यानं गवतातून बिया काढल्या, जरा वरच्या मातीत गहू पेरला. चिखलात गहू मिसळला की घट्ट माती होते आणि तिच्या विटा पाडता येतात. हे तो मला मोठमोठ्यानं समजावून सांगत होता तेव्हा आई पाठीमागे येऊन उभी राहिली. तिला आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. डोळ्याजवळ चष्मा धरून तिनं पडद्यावर पाहिलं आणि अस्वस्थ होऊन म्हणाली, "अरे, मातीत गहू नाही घालायचा. भुसा घालायचा. गहू खायला ठेव." मग खुर्ची ओढून बसली आणि आजोळच्या घराच्या भिंती कशा लिंपायच्या, माती पायानं किती वेळ तुडवायची, पाऊल सुटताना कसा आवाज आला की ती तयार झाली, हे सांगत राहिली. भाच्याचे हात थांबले होते. माझ्या आईला मी इतक्या वर्षांत मातीबद्दल काही विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मला या कमांडबद्दल खटकते आणि ती मला नीट सांगायची आहे. ती माणसाला मारापासून वाचवते, कोवळी झाडं असलेली जागा देते, नव्याला जुन्याच्या पायाखाली येऊ देत नाही. हे सगळं चांगलं आहे. पण तिच्यामुळे वाटा पडत नाहीत. टूबीटूटीसारख्या क्रूर जगात लोकांनी नेदरमधून, म्हणजे खेळातल्या पाताळातून, लांबच लांब महामार्ग खोदले आहेत, कारण तिथलं एक पाऊल वरच्या आठ पावलांएवढं असतं आणि दूर जायला दुसरा उपायच नव्हता. तिथे प्रत्येकजण एकाच जागेहून निघालेला असतो, म्हणून कुणीतरी आधी गेल्याच्या खुणा असतात. आमच्या सर्व्हरवर शेकडो घरं आहेत आणि एकापासून दुसऱ्याकडे जाणारी पायवाट नाही, कारण कुणी कुठून चालत आलेलंच नाही. सगळे आकाशातून पडले. मंगळवेढ्याला आम्ही पोचलो त्या पहिल्या रात्री शेजारच्या काकू पितळी ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आल्या होत्या. नाव विचारायच्या आधी ताट पुढे केलं होतं. कागदानं आम्हाला कुठेही टाकलं तरी तिथे कुणीतरी आधीपासून राहत असायचं. कागदाचा तो गुण मला लहानपणी दिसला नव्हता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, भाचा नाशिकला गेला. एका शनिवारी रात्री त्याचा फोन आला. "मावशी, तुझे कोऑर्डिनेट्स सांग." मी म्हटलं, मी टेलिपोर्टची विनंती पाठवते, तू स्वीकार, क्षणात येशील. म्हणाला, "नको, चालत येतो." आमच्यात सुमारे बारा हजार ब्लॉकांचं अंतर होतं. उत्तरेला आणि थोडं पूर्वेला. सरळ सपाटीवर, न थांबता चाललं तरी पाऊण तास. पण मध्ये एक आखात होतं, एक वाळवंट होतं आणि रात्री होत्या. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. दर पन्नास पावलांना तो एक मशाल लावत आला, चार स्टॅक मशाली (एका स्टॅकमध्ये चौसष्ट), आणि सगळ्या उजव्या हाताला, म्हणजे परतताना त्या डावीकडे दिसतील. फोन स्पीकरवर ठेवून तो चालायचा आणि मी भाजी निवडत ऐकायचे. "आता वाळू लागली." "आता समुद्र." "मावशी, डोंगर दिसतोय, तुझा आहे का?" मी हातातली मेथी टाकून लॅपटॉपकडे धावले. चेरीच्या झाडांच्या खालच्या उतारावर अंधारात एक ठिणगी पेटली. थोडं अलीकडे दुसरी. मग त्याची ती ठेंगणी आकृती चढण चढून वर आली, समोर उभी राहिली आणि तिनं माझ्या पायाशी चौसष्ट मातीच्या विटा टाकल्या.

तेव्हापासून मी माझ्या बाजूनं ती वाट पक्की करतेय. फावड्यानं गवत दाबलं की पायवाट होते. रोज थोडी. कामावरून आल्यावर, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. डोंगर उतरून साधारण दोन हजार ब्लॉक गेलेय.

मागच्या रविवारी वाळवंटाच्या कडेला, भाच्याच्या मशालींना लागूनच, एक नवं झोपडं दिसलं. कच्च्या लाकडाचं, दोन खिडक्यांचं, दारात कोंबडी. आत कुणी नव्हतं. बाहेर एक पेटी होती, त्यात सहा पाव, आणि पेटीवर पाटी. इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलेलं: ये रास्ता किधर जाता है? मी भाच्याला फोन लावला. तो तिकडून धावत सर्व्हरवर आला, आई चष्मा शोधत इकडे आली. काय उत्तर लिहायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी भाच्यानं दोन पाट्या रोवल्या, दोन्हींवर बाण काढला. नैर्ऋत्येच्या पाटीवर लिहिलं, चिखलाचं घर. दुसरीवर, मावशी. त्या माणसाला मराठी येत असेल का, असं मी विचारलं तर म्हणाला, बाण तर कळतील.

आईनं पेटीकडे बोट दाखवलं. "त्यांची पेटी रिकामी नका ठेवू," ती म्हणाली. पाव आम्ही घेतलेच नव्हते. तरी मी त्यात आणखी काही घातलं.